जुना गेम नव्यानं घडवताना: चित्रं नंतर, आधी वेग मोजा

प्रश्न असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाला लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेले टँक आणि मारिओ नव्यानं बनवायचे आहेत. चित्रं आणि आवाज आजचे, खेळ तोच. मोबाइलवर टाकायचा आणि जमलं तर जत्रेत दोन-तीन टीव्ही मांडून दुकानही लावायचं. यात धोका किती आणि लोक खेळतील का?

लोक हात लावतील, त्याची चिंता नको. ‘रेसिडेंट इव्हिल २’ हा १९९८ चा गेम कॅपकॉमनं २०१९ मध्ये मुळापासून नवा केला आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. गेम चांगला होताच, पण पहिला गिऱ्हाईक आला तो जुन्या नावाच्या ओढीनं. शिवाय जुने गेम सरळ मार्गानं मिळतही नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अमेरिकेपुरती मोजणी केली, तेव्हा तिथं निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. तेव्हा ओढ खरी आहे, फक्त ती दोन मिनिटं पुरते. तिसऱ्या मिनिटाला उडी नेहमीच्या जागी पडली नाही की खेळणारा रिमोट खाली ठेवतो, आणि नेमकं काय बिघडलंय हे त्याला सांगताही येत नाही. रीमेकचे बहुतेक पैसे आणि बहुतेक रात्री चित्रांवर जातात. बिघाड मात्र वेगात, वेळेत आणि टक्कर ओळखण्यात असतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोची आहे. जपान-अमेरिकेतलं निन्टेंडो कंपनीचं मूळ मशीन सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. त्याला चालतील अशी जी नकली मशीनं तालुक्याच्या बाजारात मिळायची, त्यातली बरीच ५० वर चालत. हे गेम दर चित्रागणिक एक पाऊल पुढे सरकतात, म्हणून अशा मशीनवर सगळा खेळ मूळच्या पाच-षष्ठांश वेगानं चालायचा. गाण्याची लयही चित्रांवरच बांधलेली, ती मंद व्हायची. पण सूर जवळपास तोच राहायचा, कारण या मशीनमधल्या चिपची घडी (क्लॉक) १.७७ मेगाहर्ट्झची आणि मूळची १.७९ ची. वर-खाली काळ्या पट्ट्या आणि चित्र किंचित चपटं, तेही त्यामुळंच. म्हणजे तुमच्या गावातल्या पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला जो मारिओ आठवतो, तो बहुधा हळू चालणारा मारिओ आहे. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून, मूळ आकडे बरोबर उतरवून तुम्ही गेम दिलात तर तो म्हणेल, ‘अबे, हे तं भलतंच जोरात पयते.’ त्याचं चूक नाही. कोणासाठी बनवताय ते आधी ठरवा. गावातल्या जुन्या खेळाडूंसाठी असेल तर ५० चा वेग धरा, बाकी जगासाठी ६० चा. दोन्ही हवे असतील तर सेटिंगमध्ये एक बटण द्या, पण मधला वेग धरू नका. तो कोणाच्याच हाताला ओळखीचा नाही.

आता मोजमाप. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे (१९८५) आकडे अभ्यासकांनी प्रोग्राम उलगडून उघड केलेले आहेत. साधं चालणं दर चित्राला १.५ पिक्सेल, पळणं २.५. उभ्या-उभ्या किंवा हळू चालताना मारलेल्या उडीचा सुरुवातीचा वेग ४ पिक्सेल, भरधाव पळताना ५. उभ्या-उभ्या मारलेल्या उडीत वर जाताना बटण दाबून धरलेलं असेल तोवर गुरुत्व दर चित्राला ०.१२५, सोडलं की किंवा गडी खाली यायला लागला की लगेच ०.४३७५; भरधाव उडीत हे दोन्ही आकडे थोडे जास्त. बटण थोडं दाबलं की छोटी उडी आणि धरून ठेवलं की मोठी, ही सगळी करामत या दोन आकड्यांत आहे. एकच गुरुत्व ठेवून बनवलेला मारिओ फुग्यासारखा तरंगतो.

गोडो हे इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात आकडे दर सेकंदाचे द्यावे लागतात, म्हणून वेग ६० नं आणि गुरुत्व ३,६०० नं गुणायचं. चालणं ९०, पळणं १५०, उडी २४०, गुरुत्व ४५० आणि बटण सोडल्यावर किंवा खाली येताना १,५७५. ५० चा वेग हवा असेल तर गोडोची घडी (सेकंदाला किती पावलं) ५० करू नका. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ५० पावलं बसवली की हालचाल अडखळत दिसते. घडी ६० च ठेवा, सगळे वेग ५/६ नं आणि गुरुत्व २५/३६ नं गुणा. उडी २००, गुरुत्व ३१२.५. उंची दोन्हीकडे तीच येते, हिशेबानं ६४ पिक्सेल, म्हणजे चार विटा. शत्रू बाहेर पडायची वेळ, चमकण्याची वेळ, स्टेजचं घड्याळ हे सगळं ६/५ नं वाढवा. घड्याळ वाढवायचं राहून जातं आणि मग ‘टाइम पुरत नाही’ अशी तक्रार येते.

ती ६४ ची उंचीही कागदावरची. मूळ गेम आधी मारिओला सरकवतो आणि मग वेग कमी करतो. गोडोचे बहुतेक नमुना प्रोग्राम उलट करतात, आधी गुरुत्व आणि मग सरकवणं. पहिल्या पद्धतीनं ६० च्या वेगात उडी ६६ पिक्सेल जाते, दुसऱ्यानं ६२. चार विटांची भिंत ६४ ची. एका ओळीची अदलाबदल, आणि जिथं गडी सहज चढायचा तिथं तो दोन पिक्सेलनं आपटून खाली येतो. अशा चुका चित्रं चढवल्यावर सापडत नाहीत, तेव्हा दोष चित्रावर जातो. म्हणून पहिली स्टेज राखाडी चौकोनांची बनवा आणि तिच्यावर रोज खेळा. चित्रकाराला कामाला लावायचं ते त्यानंतर.

टँकचं मोजमाप वेगळं. हा नामकोचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’. मैदान १३ बाय १३ चौकोनांचं, एक चौकोन १६ पिक्सेल, ३५ स्टेज, प्रत्येकीत २० शत्रू. एकटे खेळत असाल तर एका वेळी पडद्यावर चारच. चौथा, अकरावा आणि अठरावा टँक चमकत येतो, त्याला मारलं की बक्षीस. ही माहिती कुठंही मिळते आणि ती बरोबर उतरवूनही गेम फसतो, तो दोन गोष्टींवर.

एक, वळण. टँक उभ्याचा आडवा झाला की मूळ गेम त्याची जागा जवळच्या ८ पिक्सेलच्या रेघेवर आणून बसवतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण त्यामुळंच दोन भिंतींमधल्या बोळात टँक चटकन शिरतो. हे नसलं की टँक प्रत्येक कोपऱ्याला घासतो आणि अडकतो. हौशी टँक-गेममध्ये सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

दोन, गोळी. सुरुवातीला तुमची एकच गोळी हवेत असू शकते. ती कशाला तरी लागेपर्यंत दुसरी सुटत नाही. भिंतीला चिकटून मारलं तर गोळ्या पटापट सुटतात, लांबून मारली आणि चुकली तर तेवढा वेळ तुम्ही निःशस्त्र. सगळं धाडस, सगळा डाव या नियमात आहे. बक्षिसात पहिला तारा मिळाला की गोळी वेगवान होते, दुसऱ्या गोळीची मुभा थेट दुसऱ्या ताऱ्याला मिळते. नवे बनवणारे ‘आजच्या पोरांना धीर नाही’ म्हणून बटण दाबलं की गोळी असं करतात आणि गेम पिठाची गिरणी होऊन बसतो. दोघं खेळताना जोडीदाराची गोळी लागली की तुम्ही थोडा वेळ गोठता, तो नियमही काढू नका. भावाभावांची अर्धी भांडणं त्यावर होती आणि तीच लोकांना आठवतात.

असल्या चुका मोठ्या घरच्यांच्याही झाल्या आहेत. निन्टेंडोनं स्वतःच १९९३ मध्ये मारिओचे गेम सजवून पुन्हा काढले, त्यात वीट फोडल्यावर मारिओ खाली परतायच्या ऐवजी वरच रेटत जातो. ‘क्रॅश बँडिकूट’चे तीन गेम २०१७ मध्ये नवे झाले, तेव्हा तिन्हींना एकच हालचाल दिली आणि टक्करीचा आकार गोळीच्या कॅप्सूलसारखा गोल घेतला. पहिल्या गेमचे पूल जुन्या, सपाट बुडाच्या क्रॅशसाठी रचलेले. नवा क्रॅश कडेवर उतरला की घसरतो. चित्र देखणं, आणि लोक पुलावरून पडून पडून वैतागले. कंपनीला मान्य करावं लागलं.

यंत्राची मर्यादा कुठं संपते आणि गेमची रचना कुठं सुरू होते हे ओळखणं सगळ्यात अवघड. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये (१९७८) शत्रू कमी होतील तसे वेगानं येतात, कारण चित्रं कमी झाली की मशीनला काम कमी पडायचं. ठरवून केलेलं नव्हतं, पण तोच गेमचा जीव. मशीन ताकदवान म्हणून वेग एकसारखा ठेवलात तर संपलं. ‘सायलेंट हिल’ या भयपटासारख्या गेमचं धुकं दूरचं चित्र झेपत नव्हतं म्हणून आलं आणि भीती त्या धुक्यातच राहिली. पुढं २०१२ च्या एचडी संचात ते धुकं विरळ झालं आणि दूरचा उघडाबोडका पडदा दिसू लागला. त्या संचासाठी हातात आलेला प्रोग्रामही शेवटचा, पूर्ण झालेला नव्हता. ‘जीटीए’च्या तीन जुन्या गेमचा संच नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, त्यात धुकं काढून टाकल्यामुळं अख्खं शहर एका टेकडीवरून खेळण्यातल्यासारखं दिसायला लागलं. दुकानांच्या पाट्या संगणकाकडून मोठ्या करून घेतल्या, तर कित्येक पाट्यांची अक्षरं चुकली. तुम्हीही पाट्या मशीनकडून करून घेणार असाल तर प्रत्येक पाटी माणसानं वाचायची. देवनागरीत तर काना-मात्रा हमखास उडतात.

पण त्या दोन-तीन वर्षांत भरपूर शिव्या पडल्या त्या ‘वॉरक्राफ्ट ३’च्या २०२० च्या नव्या रूपाला. दाखवलेली दृश्यं गेममध्ये आली नाहीत हे एक. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी नवं विकत घेतलंच नव्हतं त्यांचाही जुना गेम अद्ययावत होऊन बिघडला. शेवटी पैसे परत द्यावे लागले. जुनी प्रत पुसून नवी ठेवणं हा माफी नसलेला गुन्हा आहे. याच्या उलट उदाहरण २०२१ च्या ‘डायब्लो २’चं. त्यात खालचा जुना हिशेब, सेकंदाला २५ पावलांचा, तसाच चालू ठेवला आणि वर फक्त नवं चित्र चढवलं. एक कळ दाबली की जुनं चित्र परत. नवख्यानं याच रचनेचा कित्ता गिरवावा: खेळाचा हिशेब एका भागात, चित्र-आवाज दुसऱ्या भागात, आणि दुसऱ्या भागानं पहिल्याला कधीच हात लावायचा नाही.

आता कायदा, कारण प्रश्नातला ‘तोच गेम’ हा शब्द तिथं अडकतो. भारतात संगणक प्रोग्रामला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. १९८५ चा गेम त्यामुळं मोकळा झालेला नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंडाची तरतूद आहे. ‘मी फुकट देतोय’ हा बचाव होत नाही. ‘मेट्रॉइड २’चा एका चाहत्यानं वर्षानुवर्षं खपून केलेला फुकट रीमेक ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि काही दिवसांतच निन्टेंडोच्या नोटिशीवरून उतरवावा लागला. पुढच्याच वर्षी निन्टेंडोनं स्वतःचा रीमेक काढला. ‘हाफ-लाइफ’च्या चाहत्यांना मात्र व्हॉल्व्ह कंपनीनं त्यांचा रीमेक विकायची परवानगी दिली. पण ती कंपनीची मर्जी, तुमचा हक्क नव्हे. जत्रेत ९९९९-इन-१ कॅसेट लावून तासाचे पैसे घेणं तर त्याहून उघड. ती कॅसेट मुळातच विनापरवाना असते.

पण गेमची कल्पना आणि नियम कोणाच्या मालकीचे नसतात, त्यांचं रूप असतं. रेघ कुठं पडते ते २०१२ च्या अमेरिकेतल्या टेट्रिस खटल्यात दिसतं. पडणारे तुकडे जुळवणं ही कल्पना कोणीही घ्यावी. पण तुकड्यांची तीच धाटणी आणि १० बाय २० चा तोच फळा घेतला म्हणून नक्कल करणारा हरला. हा निकाल इथं बंधनकारक नाही, पण प्ले स्टोअरवरून गेम उतरवणारी तक्रार तिकडूनच येणार.

म्हणून टँक आणि मारिओपैकी मारिओ सोडा. तो गडी, त्याची टोपी, त्याचं नाव, काहीच तुमचं होऊ शकत नाही. टँकचे नियम मात्र आपल्या मातीत सहज रुजतात. जागल, म्हणजे रात्री पीक राखणं, घ्या. तुरीच्या-कपाशीच्या वावरात रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शिरतात, मधोमध मचाण किंवा वेचलेल्या कापसाची गंजी राखायची. विटेच्या जागी कपाशीच्या ओळी, ज्या तुडवल्या की जातात. पोलादाच्या जागी दगडी बांध, पाण्याच्या जागी नाला. एका गोळीचा नियम गोफणीत आपोआप बसतो: गोटा पडेपर्यंत दुसरा भरता येत नाही. मूळ गेममध्ये फावडं मिळालं की घराभोवती थोडा वेळ पोलाद येतं, आपल्या गेममध्ये त्या जागी झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारं कुंपण. जनावर मरू देऊ नका, बांधाबाहेर पळवा. रोही मारल्याचं दृश्य गावात कोणाला आवडत नाही आणि स्टोअरलाही नाही. मैदान १३ बाय १३ ठेवू नका. १५ बाय ११ घ्या, आडव्या मोबाइलला तेच बरं पडतं. स्टेज सगळ्या स्वतःच्या. नावात आणि चिन्हात जुन्या गेमचा वास नको, ‘टँक गेमसारखा’ असं जाहिरातीतही लिहू नका.

मोबाइलसाठी थोडं. गावात अजून ७२० बाय १,६०० चे पडदे भरपूर आहेत. २५६ बाय २४० चं चित्र तिप्पट केलं की ७६८ बाय ७२०, उंची नेमकी भरते आणि दोन्ही बाजूंना ४१६ पिक्सेल अंगठ्यांसाठी उरतात. पूर्ण पडदा भरायच्या नादात २.७ पट, ३.४ पट करू नका, एक पिक्सेल जाड आणि शेजारचा बारीक दिसतो. गोडोमध्ये चित्राचा फिल्टर ‘निअरेस्ट’ आणि ताणणं पूर्ण आकड्यांत ठेवा. काचेवर बोटाला कड लागत नाही, म्हणून दिशांचं बटण एका जागी न ठेवता अंगठा टेकेल तिथं उगवू द्या आणि तिरक्या दिशा बंद करा. टँकच्या जातीच्या खेळात अंगठा तिरका गेला की जी दिशा आधी होती तीच चालू ठेवायची. स्वस्त फोनवर आवाज उशिरा येतो, तेव्हा गोफण सुटल्याची खूण आवाजाबरोबर चित्रातही द्या.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलरचं, कार्ड लागतं. नव्या वैयक्तिक खात्याला गेम खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत असावं लागतं. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत हे लावू नका, पोरं मधेच गळतात आणि मोजणी पुन्हा सुरू करावी लागते. चौदा-पंधरा जण धरून ठेवा.

जत्रेच्या दुकानात शत्रू म्हणजे उशीर. नवा एलसीडी टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात काही चित्रं मागं पडतो. ‘गेम मोड’ चालू करा, तो नसेल तर संगणकाचा साधा मॉनिटर घ्या. तपासायला सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनवर बटण आणि पडदा एकाच चौकटीत टिपा. बोट टेकल्यापासून पडदा हलेपर्यंतची चित्रं मोजा, एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. पंचवीस चित्रांच्या, म्हणजे सुमारे १०० मिलिसेकंदांच्या वर गेलं तर जुना खेळाडू ओळखतोच. कीबोर्ड धुळीनं दोन दिवसांत मरतो. ३० मिलिमीटरची आर्केड बटणं लाकडी फळीवर बसवा आणि त्यांना यूएसबीचा छोटा बोर्ड जोडा, म्हणजे बटणं संगणकाला लागतात. लाइट जाणारच. स्टेज संपली की लगेच नोंद होऊ द्या, आणि संगणकाला यूपीएस हवंच. जनरेटरवर थेट लावू नका.

चाचणीला बसवताना काहीच समजावून सांगू नका. रिमोट हातात द्या आणि पहिला चान्स गेल्यावर तोंडून काय निघतं ते ऐका. ‘थांब, मी चुकलो’ आलं तर ती जागा तशीच राहू द्या. ‘अबे, दाबलं होतं ना बटन!’ आलं तर स्टेज, जागा आणि वेळ लगेच वहीत लिहा, व्हिडिओ चित्रागणिक पुढं सरकवून बघा. दहांतले सात-आठ वेळा तो खरं बोलत असतो: बटण जमिनीला टेकायच्या दोन-चार चित्रं आधी दाबलेलं असतं आणि प्रोग्रामनं ते टाकून दिलेलं असतं. दाबलेलं बटण चार चित्रं लक्षात ठेवायची सोय केली की हा दोष जातो. आठच्या वर नेऊ नका, मग न मारलेल्या उड्या बसायला लागतात.